गर्दी केली की भांडणं मिटतात? दोन फुटी टाकीत नाही

मासे पाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला सारखा फिरत असतो. तो थोडक्यात असा: टाकी छोटी असली तरी आफ्रिकन सिक्लिड (आफ्रिकेतल्या सरोवरांतले भांडखोर मासे) बिनधास्त ठेवा, फक्त गच्च भरून ठेवा. गर्दी इतकी हवी की कुणाला कुणाचा पाठलाग करताच येऊ नये. फिल्टर दुप्पट लावा. पिल्लं असतानाच सगळी एकत्र सोडा, म्हणजे एकमेकांना सरावतात. आणि मोठी होतील ही भीती सोडा, मासा टाकीच्या मापानेच वाढतो.

गर्दीचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणूनच हा सल्ला इतकी वर्षं टिकलाय. मलावी सरोवरातले एम्बुना, म्हणजे खडकांत राहणारे सिक्लिड, चार फुटी टाकीत जरा दाटीने ठेवतात आणि ते चालतं. दांडगा नर एकाच्या मागे लागतो, तेवढ्यात दुसरा आडवा येतो, मग तो त्याच्याकडे वळतो. मार थांबत नाही, तो वीसजणांत वाटला जातो. डेमासोनीसारखा जेमतेम सात-आठ सेंटिमीटरचा पण आपल्याच जातभाईंवर खार खाणारा मासा डझनभर किंवा जास्त ठेवायला सांगतात, ते यासाठीच.

पण वाटणीसाठी आधी जागा लागते. सरोवरात हरलेला मासा दोन-तीन मीटर लांब निघून जातो आणि भांडण तिथेच संपतं. ६० × ३० × ३० सेंटिमीटरच्या टाकीत तो पळून पळून जाणार कुठे? एका नराला जेवढा इलाका आपला वाटतो, तेवढी तर ती अख्खी टाकी. त्यामुळे बाकीचे सगळे तिथे कायमचे घुसखोर. अशा टाकीकडे पाच मिनिटं बघत बसा. वरच्या कोपऱ्यात, फिल्टरच्या पाइपमागे, एक मासा पृष्ठभागाला चिकटून तिरका उभा दिसेल. पर मिटलेले, शेपटीच्या कडा फाटलेल्या, रंग उडालेला. खाणं टाकलं तरी खाली येत नाही. लोक म्हणतात, ‘तो जरा लाजाळू आहे.’ तो लाजाळू नाही, त्याला खाली यायची बंदी आहे. तो मेला की दुसऱ्या दिवशी त्याच कोपऱ्यात दुसरा उभा असतो.

माद्यांचे हाल त्याहून वाईट. एम्बुनाची मादी अंडी तोंडात घेऊन साधारण तीन आठवडे जवळपास उपाशी राहते. त्या काळात तिला फक्त एक सांदी आणि शांतता हवी असते. दाटीच्या छोट्या टाकीत दोन्ही मिळत नाहीत.

आता फिल्टरचं. हा मुद्दा ऐकायला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो आणि मला तोच सगळ्यात घातक वाटतो. मलावीच्या माशांना पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्ल-अल्कलीपणाचा आकडा, आठच्या आसपास लागतो, टांगानिका सरोवरातल्या माशांना त्याहूनही चढा. माशांच्या घाणीतून पाण्यात अमोनिया तयार होतो, आणि आपलं टेस्ट किट दाखवतं तो एकूण अमोनिया. त्यातला किती भाग विषारी, हे पीएच ठरवतो. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर त्यातला अर्धा टक्क्याच्या आसपास भाग विषारी असतो. पीएच ८ ला तोच पाच टक्क्यांवर जातो आणि ८.५ ला सुमारे १५ टक्क्यांवर. म्हणजे गप्पी-टेट्रांच्या टाकीत जो आकडा बघून आपण ‘उद्या पाणी बदलू’ म्हणतो, तोच आकडा इथे मासे मारू शकतो. वर उल्लेखलेली टाकी काठोकाठ भरली तरी ५४ लिटरची. वाळू-दगड टाकल्यावर पाणी उरतं चाळीस-पंचेचाळीस लिटर. त्यात पंधरा मासे, एखादा दगडामागे मेलेला लक्षातच आला नाही, आणि वर दोन तास वीज गेली. दुसरा फिल्टरही त्याच वीजेवर चालतो ना? शिवाय फिल्टर अमोनियाचं नायट्रेट करतो, ते नायट्रेट बाहेर काढायला बादलीने पाणीच बदलावं लागतं. आणि फिल्टर कितीही मोठा लावला तरी टाकी तसूभरही लांब होत नाही.

पिल्लं सरावतात हे तर निव्वळ स्वप्नरंजन. तीन-चार सेंटिमीटरची पिल्लं गुण्यागोविंदाने राहतात, कारण त्यांना अजून इलाका नको असतो. एम्बुनांतलीच ऑराटस ही जात घ्या. लहानपणी सगळे पिवळेधमक, अंगावर काळे पट्टे, नर-मादी ओळखूच येत नाही. काही महिन्यांनी एक पिवळा हळूहळू काळपट तपकिरी व्हायला लागतो आणि त्याच सुमारास टाकीतली शांतता संपते. पाचातले तीन नर निघाले, तर आपण सवय लावली नव्हती, फक्त भांडण पुढे ढकललं होतं.

टाकीच्या मापाने वाढ? मासा खुजा राहतो तो खराब पाण्यामुळे आणि सततच्या ताणामुळे. त्याला मापात बसणं म्हणत नाहीत. आणि खुजा मासा कमी भांडतो असंही नाही.

मग छोट्या टाकीत काय ठेवायचं? मुळात ‘आफ्रिकन सिक्लिड’ हा शब्दच गोंधळ घालतो, कारण त्यात अख्खी टाकी बळकावणारेही येतात आणि वीतभर जागेत भागवणारेही. तीन फुटी टाकी असेल तर एम्बुनांपैकी एकच जात घ्या. सौलोसी चांगले: एक नर आणि पाच-सहा माद्या. नर निळा, माद्या पिवळ्या, त्यामुळे एकाच जातीत दोन रंग मिळतात. दगड पाठीमागे वरपर्यंत रचा, आरपार नजर जाणार नाही असे. नवा मासा सोडण्याआधी सगळे दगड हलवा, म्हणजे जुन्या मालकांनाही घर नव्याने शोधावं लागतं.

दोन फुटीच असेल तर एम्बुना विसरा आणि टांगानिकाच्या शंखवासी माशांकडे वळा. मल्टीफॅशिएटसचा नर जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचा, मादी त्याहून लहान. बारीक वाळूचा पाच सेंटिमीटर थर द्या आणि प्रत्येक माशामागे दोन-तीन रिकामे शंख. यांचा इलाका म्हणजे शंखाभोवतीची वीतभर जागा, म्हणून ५४ लिटरमध्ये आठ-दहाजणांची वस्ती आरामात नांदते. भांडणं इथेही होतात, पण बघण्यासारखी: एक मासा तोंड भरून वाळू आणतो, शेजाऱ्याच्या दारात थुंकतो आणि सुळकन आपल्या शंखात शिरतो. शेजारी बाहेर येऊन ती वाळू उपसतो आणि परत त्याच्याच दारात नेऊन टाकतो. पिल्लंही त्याच वस्तीत वाढतात, त्यांना वेगळी टाकी लागत नाही. वर्षभरात वस्ती दुप्पट-तिप्पट होऊ शकते, तेव्हा जादा मासे कुणाला द्यायचे ते आधीच बघून ठेवा.