उन्हाने नेलेलं पाणी कुणाच्या वाट्याचं?

दर ऑक्टोबरात गावाकडच्या ग्रुपवर तेच भांडण पेटतं. १५ तारखेला जायकवाडीत, म्हणजे गोदावरीवरच्या मराठवाड्यातल्या धरणात, ६५ टक्के साठा आहे की नाही, नसेल तर वरच्या अंगाच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं की नाही. मी मराठवाड्याचा, त्यामुळे माझं मत कुठे झुकतं हे सांगायला नको. समन्यायी वाटप, म्हणजे खोऱ्यातल्या वरच्या-खालच्या सगळ्यांना न्याय्य वाटा, कायद्यातच आहे. पण पर्थला राहायला लागल्यापासून एक गोष्ट खटकते. वरच्यांनी किती अडवलं हे सगळ्यांना तोंडपाठ, उन्हाने किती नेलं हे कुणीच विचारत नाही.

इथे, ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य कोपऱ्यात, १९७० नंतर पाऊस साधारण १५ ते २० टक्क्यांनी घटला. पर्थच्या धरणांत येणारं पाणी मात्र ८० टक्क्यांच्या आसपास घटलं. पहिल्यांदा ऐकताना आकड्यात गडबड वाटते, पण नाही. पावसातून आधी तहानलेली माती आणि झाडं आपला वाटा घेतात, भूजल खोल गेलेलं असतं, आणि उरेल ते ओढ्याला लागतं. पगार जरासा कमी झाला, हप्ते तेवढेच राहिले, की मार बसतो तो शिलकीला. शिवाय तापमान हे हप्ते वाढवत नेतं. हवा एक अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. हे बाष्प ती माती-पिकांतून ओढते, आणि परत देते तेव्हा चार तासांत ओतून मोकळी होते. त्यामुळे आपल्याकडे ‘सरासरीइतका पाऊस’ पडलेल्या वर्षीही फेब्रुवारीत टँकर दिसला, तर त्यात नवल नाही.

पर्थचे गोडवे गाणार नाही. २००६ पासून इथे समुद्राचं पाणी गोडं करतात, २०१७ पासून सांडपाणी शुद्ध करून जमिनीत मुरवतात. पैसा आहे, समुद्र आहे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरने समुद्र कुठून आणायचा? घेण्यासारखी गोष्ट साधी आहे. बागेला पाणी आठवड्यातून दोनच दिवस, तेही घर नंबरच्या शेवटच्या अंकावरून ठरलेले, भर दुपारी नाहीच. जून ते ऑगस्ट स्प्रिंकलर बंद. मोडलं तर दंड. दुपारच्या उन्हात मारलेलं पाणी वाया जातं, हे इथे नियमातच बसवलंय.

आपल्याकडे उलट. बोअरने उपसलेलं पाणी प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात आणून मे महिन्यात उघडं ठेवायचं, आणि त्यासाठी अनुदानही घ्यायचं. पावसाचं पाणी साठवायला काढलेली योजना, तिचा हा भलताच वापर. जायकवाडी तर पसरट आणि उथळ. उन्हाळ्यात तिथून रोज उडून जाणारं पाणी संभाजीनगरच्या रोजच्या पिण्याच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. उसाबद्दल इथे लिहीत नाही, लिहिलं तर ग्रुपमधून काढतील.

वरच्या धरणांतून पाणी सोडाच, ते आमच्या हक्काचं आहे. पण जायकवाडीच्या साठ्याची बातमी छापताना शेजारी त्या आठवड्यात उडून गेलेलं पाणीही छापा. आणि बोअरने भरलेल्या उघड्या शेततळ्यांचं अनुदान बंद करा, मग ते माझ्या काकांचं असलं तरी.