हलक्या कॅरिअरवरील आक्षेपाला उत्तर

महोदय,

सायकलसहलीसाठी मागचे हलके कॅरिअर कसे निवडावे, या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. ‘चारशे ग्रॅम वाचवण्यासाठी वाचकांच्या जिवाशी खेळू नका, अॅल्युमिनियमचे कॅरिअर गावच्या वेल्डरकडे जोडून मिळत नाही, म्हणून लोखंडीच घ्यावे, नागपूरच्या फुटाळा तलावापलीकडे सायकल न नेणाऱ्यांनी इतरांना शिकवू नये,’ असा तिचा आशय आहे. शिवाय माझ्या तक्त्यातील वजनाची एक चूक आपण दाखवली आहे, अॅल्युमिनियम हादऱ्यांनी थकते असे बजावले आहे, डिस्क ब्रेकचा उल्लेख नसल्याबद्दल नाराजी व्यक्त केली आहे आणि छिंदवाड्याच्या वाटेवरील सिल्लेवानी घाटात आपले स्वतःचे कॅरिअर तुटल्याचे लिहिले आहे.

तक्त्यातील चूक मला मान्य आहे. मी माझ्या अॅल्युमिनियमच्या कॅरिअरचे वजन ५४० ग्रॅम दिले, ते नुसत्या सांगाड्याचे होते. बोल्ट आणि सीटखालच्या दांड्यांना जोडणाऱ्या दोन पट्ट्या धरल्या, तर माझ्या स्वयंपाकघरातील काट्यावर ते ६१० भरते. तक्ता मी आजच दुरुस्त केला आहे आणि ही चूक दाखवल्याबद्दल आपले आभार.

परंतु ‘जिवाशी खेळ’ हे शब्द मला मान्य होणे शक्य नाही. मतभेद असावेत, ते कठोर भाषेतही असावेत. मात्र एखाद्यावर लोकांच्या जिवाची पर्वा नसल्याचा आरोप करण्यापूर्वी त्याने काय लिहिले आहे ते शेवटपर्यंत वाचण्याचे कष्ट घ्यावेत, एवढी अपेक्षा गैर नाही. दोन पिशव्या मिळून १२ किलोपेक्षा अधिक सामान नेणाऱ्याने हे कॅरिअर घेऊ नये, असे मी लेखाच्या तिसऱ्याच परिच्छेदात लिहिले होते. ते वाक्य आपल्या नजरेतून सुटले असेल, तर समजू शकतो. ते वाचूनही आपण असे लिहिले असेल, तर त्याला प्रामाणिक टीका म्हणता येत नाही.

फुटाळ्याविषयीही एकदाच सांगतो. मी २००९ पासून सामानासह सायकल चालवत आहे. अमरावती आणि परतवाडा मार्गे चिखलदऱ्याला चार वेळा गेलो आहे. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया या वाटेने पचमढीला दोनदा गेलो आहे, म्हणजे आपण ज्या सिल्लेवानी घाटाचा दाखला देता तो घाट मी भरल्या पिशव्यांनिशी दोन वेळा चढलो आणि दोन वेळा उतरलो आहे. हे सांगण्याची मला हौस नाही. आपण विषयच तिथे नेला, म्हणून सांगावे लागले.

आता आपल्या मुख्य वाक्याकडे येतो, कारण ते मी अनेक वर्षे अनेकांच्या तोंडून ऐकत आलो आहे आणि एकेकाळी माझाही त्यावर विश्वास होता. ‘लोखंडी कॅरिअर कुठेही वेल्ड होते.’ सन २०१४ मध्ये चिखलदऱ्याहून परतताना अमरावती रस्त्यावर माझ्या पोलादी कॅरिअरचा उजवा पाय खालच्या जोडाजवळ तुटला. ते क्रोमोलीच्या, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाच्या पोकळ नळीचे, चांगले महागडे कॅरिअर होते. जवळच्या गावात फॅब्रिकेशनचे दुकान सापडले. तिथला कारागीर कामात कुशल होता, पण त्याचे रोजचे काम ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, फाटके आणि खिडक्यांचे ग्रिल. त्याने आर्क वेल्डिंगचा रॉड टेकवला आणि क्षणात नळीला भोक पडले. दुसऱ्या प्रयत्नात ते भोक मोठे झाले. दोष त्याचा नव्हता. पोलादाची घनता अॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट असते, त्यामुळे पोलादी कॅरिअर हलके करायचे तर नळी पोकळ आणि तिची भिंत अगदी पातळ ठेवावी लागते. ती पातळ भिंत जाड अँगल जोडण्याच्या करंटपुढे टिकत नाही. तिथे गॅसवर पितळेची झाळ द्यावी लागते, आणि ती देणारा माणूस त्या गावात नव्हता.

शेवटी काय केले? बांबूची एक काडी तुटलेल्या नळीला समांतर ठेवली, फाटलेल्या ट्यूबच्या पट्टीने ती घट्ट आवळली, वर दोन होज क्लिपा (रबरी पाइप आवळण्याच्या धातूच्या पट्ट्या) कसल्या आणि नागपूर गाठले. ही दुरुस्ती पोलादावर जशी होते तशीच अॅल्युमिनियमवरही होते. तेव्हापासून माझ्या हत्यारांच्या पिशवीत चार होज क्लिपा असतात, आणि ‘गावात वेल्ड होते’ या निकषावर मी कॅरिअर निवडणे सोडून दिले.

गावात खरोखर वेल्ड होते ते जाड, भरीव लोखंडी सळीचे कॅरिअर, जसे दूधवाल्यांच्या सायकलीला असते. त्याविषयी मला आदर आहे. पण हलक्या कॅरिअरविषयीच्या लेखाखाली त्याचा आग्रह धरणे मला अप्रस्तुत वाटते. आणखी एक गोष्ट आपण नजरेआड करता: पोलाद म्हणजे जड, असे सरसकट समीकरण नाही. ट्युबस या जर्मन कंपनीचे कार्गो हे पोलादी कॅरिअर ६०० ग्रॅमच्या आसपास भरते आणि त्यावर ४० किलोपर्यंत भार चालतो. माझ्या बोल्टसह वजनाची तुलना केली, तर ते माझ्या अॅल्युमिनियमच्या कॅरिअरइतकेच हलके आहे. माझा पक्ष धातूचा कधीच नव्हता. आपण किती सामान नेणार हे आधी काट्यावर ठरवा आणि त्यानुसार कॅरिअर घ्या, एवढेच मी लिहिले होते. सहा किलोच्या सामानासाठी चाळीस किलोचे कॅरिअर घेणाऱ्याला मी वेडा म्हणत नाही, परंतु माझ्यासारख्या जपून चालणाऱ्याला बेजबाबदार म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हे मात्र कळले नाही.

अॅल्युमिनियम वारंवारच्या हादऱ्यांनी थकते आणि पोलादासारखी सुरक्षित मर्यादा त्याला नसते, हा आपला मुद्दा पाठ्यपुस्तकात बरोबर आहे, पण रस्त्यावरचा माझा अनुभव वेगळा आहे; तो पुढे सांगतो. डिस्क ब्रेकच्या सायकलींचा विषय स्वतंत्र आहे. कॅलिपरला, म्हणजे चकती पकडणाऱ्या ब्रेकच्या भागाला, वळसा घालणाऱ्या पायांची कॅरिअरे वेगळी मिळतात आणि त्यांच्यावर सवडीने लिहीन.

माझ्या अनुभवात कॅरिअर जायबंदी होण्याची सुरुवात बोल्टपासून होते. मागच्या आसाजवळचे पाच मिलिमीटरचे दोन बोल्ट जवळजवळ सगळा भार पेलतात. त्यातला एक खड्ड्यांनी सैल झाला, की कॅरिअर डोलू लागते, बोल्ट वाकतो आणि मग सगळा ताण जोडावर येतो. म्हणून नायलॉनची कडी असलेले नट वापरावेत, पहिल्या ५० किलोमीटरनंतर ते पुन्हा कसावेत आणि त्यानंतर रोज सकाळी अॅलन चावीने तपासावेत, असे मी लिहिले होते. या परिच्छेदाविषयी आपण एक अक्षरही लिहिलेले नाही.

आपले कॅरिअर सिल्लेवानीत तुटले याचे मला मनापासून वाईट वाटते. पण ते नेमके कुठल्या जोडापाशी तुटले, पिशव्यांत किती किलो सामान होते आणि खालचे बोल्ट त्या दिवशी घट्ट होते का, यांपैकी काहीच आपण सांगितलेले नाही. तुटलेला तुकडा जपून ठेवला असेल, तर त्याचे छायाचित्र आणि सामानाचे वजन कृपया कळवावे. या तीन गोष्टींची उत्तरे हाती आल्यावर मी लेखातील १२ किलोच्या मर्यादेचा पुन्हा विचार करीन.