थर्मोस्टॅट काढून टाकण्याबाबत खुलासा

पुण्यातल्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘मस्टँगसारख्या जुन्या व्ही-एट गाडीचा थर्मोस्टॅट काढून फेका, कात्रज घाटात इंजिन तापणारच नाही.’ हे अर्धवट आहे. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत त्यातलं पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप.

थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल तरच काढल्याने फरक पडतो, आणि तेव्हाही उपाय नवा बसवणं हाच. शंका घरीच फिटते. दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा, गॅस लावा. ८२ अंशांचा असेल तर त्या सुमारास उघडू लागतो, पाणी उकळेपर्यंत पूर्ण उघडतो. उघडला, तर दोष दुसरीकडे आहे. थर्मोस्टॅटविना इंजिनला योग्य तापमान गाठायला वेळ लागतो; पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते.

आधी गाडी कधी तापते ते बघा. स्वारगेटच्या सिग्नलला तापमानाचा काटा चढतो आणि हायवेला उतरतो, तर फॅन, त्याचा क्लच (फॅनला गरजेप्रमाणे फिरवणारा भाग), श्राउड (फॅनभोवतीचं आवरण) तपासा. वेगात तापत असेल तर रेडिएटर चोंदलेला असू शकतो, किंवा खालचा होज (रेडिएटरकडून पाण्याच्या पंपाकडे जाणारा रबरी पाइप) पंपाच्या ओढीने चपटा होतो. इंजिन रेझ करून होजकडे बघा, दिसतं (हात फॅनपासून लांब!). गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडायचं नाही.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याखाली हा खुलासा टाका.