देखरेख

दिवाळी तोंडावर आली, आमच्या मावशी भातकापणीला वेल्ह्याला गेल्या आणि पंखे पुसायचं काम माझ्यावर आलं. एवढी प्रस्तावना पुरे.

मला साफसफाई आवडत नाही. ‘कंटाळा येतो हो’ असं गोड करून सांगायची रीत आहे, पण नाही, आवडतच नाही. त्यात आम्ही राहतो कोथरूडला. गल्लीतल्या दोन जुन्या सोसायट्या एकदमच रिडेव्हलपमेंटला गेल्यात, त्यामुळे सकाळी पुसलेल्या टीपॉयवर दुपारी बोटाने सही करता येते. पंख्यावर तर धूळ नुसती बसत नाही, पात्याच्या पुढच्या धारेवर थापली जाते. काळी, मऊ आणि स्वयंपाकघर जवळ असेल तर चिकट. फडक्याने ओढली की तिच्या वळ्या होतात, आणि त्या खाली पसरलेला पेपर सोडून नेमक्या चष्म्यावर पडतात.

तर मी स्टुलावर, डोक्याला जुनी ओढणी, दार उघडं. वरच्या मजल्यावरचे काका टाकी धुण्याची नोटीस द्यायला आले. नोटीस ठेवून त्यांनी जावं, अशी माझी अपेक्षा. त्यांनी खुर्ची ओढली.

“पंखा पुसतेयस?”

हातात ओलं फडकं, दुसऱ्या हातात पातं. नाही म्हणायला जागा नव्हती.

“बटण बंद केलंयस ना?”

“हो काका.”

“नक्की?”

“नक्की.”

“तसं नाही, खात्री करून घेतलेली बरी.” काका उठले, बोर्डापाशी गेले आणि त्यांनी बटण दाबलं. म्हणजे चालू केलं. रेग्युलेटर एकवर होता म्हणून वाचले. पंखा झोपेतून उठल्यासारखा हलला, फडकं घेऊन निम्मी फेरी फिरला, आणि मी स्टुलावरून थेट सोफ्यावर. वर्षभराची धूळ माझ्या अंगावर.

“बघितलंस?” काका बटण बंद करत म्हणाले. “तरी म्हणत होतो, खात्री करावी.”

यावर माणूस काय बोलणार? मी परत चढले.

मग पद्धत सुरू झाली. ओलं फडकं चूक. आधी कोरडं. त्याहून उत्तम म्हणजे जुना अभ्रा: पात्यावर चढवायचा, दाबून ओढायचा, सगळी धूळ आत. मुलाने व्हिडिओ पाठवलाय म्हणे.

“काकू असंच करतात का?”

“छे! ती कुणाचं ऐकतेय?”

“मग तुम्ही करून बघितलंत?”

“आमच्याकडे हीच बघते सगळं,” काका म्हणाले. जराही न अडखळता. आणि लगेच, “डावीकडे राहिलं बघ.”

राहिलं नव्हतं. सावली होती.

त्यात त्यांना कोपऱ्यातली केरसुणी दिसली. ती उभी ठेवू नये, लक्ष्मी असते. हे मात्र खरं, लक्ष्मीपूजनाला आपण तिला हळदकुंकू वाहतो. उरलेलं वर्ष तिने दाराआड काढायचं आणि पाहुण्यांना दिसायचंसुद्धा नाही. शेजारी नवा फुलझाडू होता. मेघालय-आसामच्या डोंगरातलं गवत ते, तिथून पुण्यापर्यंत येतं आणि आल्यावर आठवडाभर भुसा गाळत बसतं. केर काढायला आणलेली वस्तू आधी स्वतःचा केर काढायला लावते. याबद्दल कुणी तक्रार कशी करत नाही, हे मला कळत नाही. काकांना सांगितलं, तर म्हणाले, “आधी आपटून घ्यायचा असतो.” कुठे? “गॅलरीत.” म्हणजे खालच्यांच्या वाळवणावर.

अभ्रा मी वापरला नाही. कटकट नको म्हणून वापरणार होते, पण अभ्रा धुवायलाही मलाच लागला असता.

शेवटचं पातं होत आलं आणि नवरा ऑफिसातून आला. काका खुर्चीतून उठले, हात झटकले (कशाचे, देव जाणे) आणि त्याला म्हणाले, “झाला बघा तुमचा पंखा. उभा राहून करून घेतला.”

आणि नवरा म्हणाला, “थँक्यू काका!”

मी अजून स्टुलावरच होते. भुवयांवर धूळ, फडक्याचं काळं पाणी कोपरापर्यंत. थँक्यू काका!

सरकारचं 2024 चं वेळ-वापर सर्वेक्षण आहे. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी 289 मिनिटं जातात, पुरुषांची 88. मला एवढंच विचारायचंय की त्या 88 मध्ये देखरेख धरलीय का? बटण तपासणं, सावल्या दाखवणं, व्हिडिओ फॉरवर्ड करणं? कारण तसं असेल तर आमचे काका ओव्हरटाइम करतात. आणि ‘मी मदत करतो हिला’ म्हणणाऱ्या नवऱ्यांचा हिशेब तर वेगळाच लावावा लागेल. मदत! घर काय माझ्या एकटीच्या नावावर आहे? (नाही. दोघांच्या आहे. हप्ताही दोघं भरतो.)

जाताना काकांनी स्वयंपाकघरात डोकावून एक्झॉस्ट फॅन बघून घेतला. त्यावरचा चिकटा बघून त्यांचे डोळे चमकले. “रविवारी दहाला येतो,” म्हणाले, “याची वेगळी पद्धत आहे.”

रविवारी मी सिंहगडावर जाणार आहे. कांदाभजी, पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, सगळं खाणार आहे. नवरा घरीच आहे. स्टूल एक्झॉस्ट फॅनखाली लावून ठेवलंय.