पैसे घेतले, वर स्वरलिपीला कुलूप घातलं

ॲपवर पैसे मोजून घेतलेली स्वरलिपी, म्हणजे बंदिशींचे लिहून ठेवलेले स्वर, माझ्याच मोबाइलवर उघडत नाही! का, तर आमच्या गावात संध्याकाळी नेटवर्क नसतं आणि ॲपला दरवेळी सर्व्हरला विचारून खात्री करायची असते की हा माणूस चोर तर नाही ना. पेटी उघडलेली, तबला लावलेला, परीक्षेला बसणारी पोरं सतरंजीवर, अन् स्क्रीनवर ते चक्र नुसतं फिरून राहिलंय. ओटीपीसाठी गच्चीवर चढा. प्रिंट बंद. स्क्रीनशॉट काढला तर काळं पान.

उघडलंच तर पानावर आडवातिडवा वॉटरमार्क, माझाच मोबाइल नंबर, तोही नेमका स्वरांवरून! अरे, संगीतज्ञ विष्णु नारायण भातखंडे यांनी घडवलेल्या या लिपीचा सगळा जीव त्या बारीक खुणांत आहे. स्वराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल (उतरलेला), मध्यमावर (म) उभी रेघ म्हणजे तीव्र (चढा), टिंब खाली की वर यावरून सप्तक. रेघ झाकली गेली की भैरव रागातला कोमल रिषभ (रे) शुद्ध वाजतो आणि पोरगं तेच घोकतं. "सर, हे रेघ होय का डाग होय?" काय सांगू त्याले? तिवसा तालुक्यातली पोरं ही, तुकडोजी महाराजांची मोझरी शेजारीच. खंजिरीवरची भजनं ऐकत वाढलेली. सूर कानात पक्का आहे, फक्त लिहिलेलं नीट हाती पडायला पाहिजे.

आणि कुलूप कशाला? भातखंडे १९३६ साली गेले. आपल्या कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. क्रमिक पुस्तकमालिकेत त्यांनी लिहून ठेवलेल्या बंदिशी कधीच्याच सगळ्यांच्या झाल्या. त्या टाइप करायची मेहनत झाली, तिचे पैसे मी दिले. आजच्या संगीतकाराची रचना असेल तर त्याला त्याचे पैसे मिळालेच पाहिजेत, वादच नाही. पण चोरी थांबली का? कोणीतरी तीच पानं वहीत उतरवून, फोटो काढून व्हॉट्सॲपवर सोडली आहेत. फुकट घेणाऱ्याकडे स्वच्छ रेघा, ऑफलाइन. पैसे भरणाऱ्याकडे चक्र!

फाइल एकदा उतरवू द्या, नेटशिवाय उघडू द्या, एक प्रिंट काढू द्या. माझं नाव, नंबर खुशाल छापा, पण खाली समासात. एवढंही होत नसेल, तर विकताना पहिल्याच ओळीत ठळक लिहा की नेटवर्क नसलेल्या गावात हे चालत नाही. आणि माझे पैसे परत करा.