यान परवडत नाही म्हणे!

मराठीत विज्ञानपट का होत नाहीत असा विषय निघाला की उत्तर ठरलेलं असतं. "बजेट भावा, बजेट. आपल्याला यान परवडत नाही." सिनेमातली माहीतगार माणसंसुद्धा हेच बोलतात तेव्हा माझी सटकते. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात मशीन शॉप चालवतो. यान म्हणजे माझ्या लेखी पत्रा, पाइप, चार फ्लँज आणि वरून रंग. ते पडद्यावर दिसायचंय, उडायचं नाहीये. ड्रॉइंग आणा, बाकी बघून घेऊ.

दुखणं पैशाचं नाही, तोंडाचं आहे. विज्ञानपट म्हटला की आपल्या लोकांना एकदम गंभीर तोंड करावंसं वाटतं. निळा उजेड, खर्जातला आवाज, मानवजातीचं भवितव्य. अरे पण त्या मानवजातीतल्या एकाला तरी मध्येच भूक लागते का? कुणाची चप्पल तुटते का? मला आयुष्यभर दोनच तऱ्हेच्या सिनेमांचं वेड आहे, विज्ञानपट आणि तिरपागडे विनोदी. आणि दिवसेंदिवस माझं मत पक्कं होत चाललंय की या दोन तऱ्हा वेगळ्या नाहीतच. दोन्हीकडे एक अशक्य गोष्ट गृहीत धरायची, तिचा एक नियम ठरवायचा आणि कितीही अडचण झाली तरी तो मोडायचा नाही. माणसं त्या नियमात अडकली की आपण हसतो. जास्तच अडकली की घाबरतो. यात करोडो कुठे लागले?

सुरुवातच बघा की. जॉर्ज मेलिएसचा चंद्रावर जायचा मूकपट १९०२ चा. चंद्राच्या डोळ्यात घुसलेला तो तोफगोळा सगळ्यांनी निदान फोटोत तरी पाहिलाय. पण जेमतेम पाव तासाचा तो सिनेमा पूर्ण बघा. मेलिएस मूळचा जादूगार आणि त्याला हसवायचंच होतं. दाढीवाले विद्वान सभेत भांडतात, कागद फेकून मारतात, चंद्रावर छत्र्या घेऊन उतरतात, आणि तिथल्या रहिवाशाला छत्री हाणली की त्याचा फट्दिशी धूर होतो. गंभीर तोंड नंतरच्यांनी केलं.

आपल्याकडचं उदाहरण १९८७ चा 'मिस्टर इंडिया'. मनगटावरचं यंत्र चालू केलं की माणूस दिसेनासा, पण लाल उजेडात दिसणार. एवढा एकच नियम, आणि तो कसा पिळून काढलाय! यंत्र चालतं कसं हे कुणी विचारत नाही, कारण पडद्यावर लाल काही आलं की सगळं थिएटर आधीच श्वास रोखून बसलेलं असतं. उलट 'पीके' बघा. पहिल्या अर्ध्या भागात तो परग्रहावरचा माणूस नोटेवरचा गांधींचा फोटो बघतो, फोटोलाच किंमत आहे असं समजतो आणि गांधींची चित्रं गोळा करून गाजरं घ्यायला जातो. विज्ञानपट आणि विनोद यांची इतकी चोख गाठ हिंदीत क्वचित पडलीय. आणि मग उरलेला सिनेमा टीव्हीच्या स्टुडिओत बसून वाद घालतो. नियम गेला, भाषण आलं. विषयावर माझा राग नाही, कामचुकारपणावर आहे.

पैशाची गोष्ट करणाऱ्यांसाठी थोडी माहिती. 'प्रायमर' हा २००४ चा कालप्रवासाचा अमेरिकन सिनेमा सुमारे ७ हजार डॉलरमध्ये झाला आणि सनडान्स महोत्सवात त्याने सर्वोच्च पुरस्कार घेतला. 'कोहेरन्स' दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात ५ रात्रींत चित्रित झाला. जॉन कार्पेंटरचा 'डार्क स्टार' (१९७४) हा मुळात विद्यार्थ्यांचा उद्योग. त्यातला परग्रहावरचा प्राणी म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर खेळायचा फुगवलेला चेंडू, खाली पाय लावलेला. न फुटण्यासाठी एका बॉम्बला तत्त्वज्ञान समजावून सांगायचा प्रसंग त्यात आहे, आणि तो बघताना हसू आणि घाम एकदमच येतो. त्याचा सहलेखक डॅन ओबॅनन, त्यानेच पुढे 'एलियन' लिहिला. चेंडूला कुणी भ्यायलं नाही म्हणून पुढच्या वेळी खरंच भीती घातली.

जपानी तर या कामात वस्ताद. 'बियाँड द इन्फिनिट टू मिनिट्स' (२०२०) क्योटोतल्या एका साध्या कॅफेत घडतो. मालकाच्या खोलीतल्या संगणकाच्या पडद्यावर खालच्या कॅफेतलं दोन मिनिटांनंतरचं दिसतं, एवढीच गंमत. एका नाटक कंपनीच्या मंडळींनी सत्तरेक मिनिटांत, सगळं सलग घडतंय असं भासवत तो केलाय. लोकांना भविष्य दिसायला लागतं आणि ते काय करतात? आपण आत्ताच पडद्यावर जे बोललो तेच बोलायला धावतात, नाहीतर गोंधळ होईल म्हणून. दोन मिनिटांचं भविष्य हातात आलं आणि माणूस त्याचा हमाल झाला. हे राजारामपुरीतल्या कुठल्याही चहाच्या दुकानात होण्यासारखं आहे, आणि तिथे बसणारी गँग संवादही स्वतःच लिहील.

सोव्हिएत 'किन-झा-झा' (१९८६) मात्र वेगळ्याच लायनीचा. मॉस्कोतला बांधकामावरचा फोरमन बायकोने सांगितलं म्हणून मॅकरोनी आणायला बाहेर पडतो. रस्त्यात एक अनवाणी माणूस भेटतो, मी दुसऱ्या ग्रहावरचा म्हणतो. हा त्याच्या यंत्राचं बटण दाबतो आणि एका पोराबरोबर थेट वाळवंटी ग्रहावर पोचतो. तिथे काडेपेटीतल्या काड्या म्हणजे दौलत. माणसाचा दर्जा पँटच्या रंगावरून. खालच्या दर्जाच्याने नाकात घुंगरू अडकवून वरच्यासमोर गुडघे मुडपायचे. गंजकं लोखंड, वाळू आणि मोजके नट, यात दोन भागांचा सिनेमा उभा राहिलाय. आपल्या लग्नात फेट्याचा रंग बघून कुणाला कुठल्या पंगतीला बसवायचं ते ठरतं, त्यामुळे पँटचा कायदा मला पहिल्याच झटक्यात कळला. माझ्या मते जगातला सगळ्यात भारी विज्ञानपट हाच. भांडायचं असेल तर आधी बघून या.

आता केरळ. कारण "ते परदेशातलं झालं" असं कुणीतरी म्हणणारच. 'अँड्रॉइड कुंजप्पन व्हर्जन ५.२५', साल २०१९, दिग्दर्शक रतीश बालकृष्णन पोदुवाळ. पय्यन्नूरकडच्या गावात एक हट्टी म्हातारा. पोरगा शिकलेला, पण बापाला एकटं ठेवता येत नाही म्हणून नोकरी टिकत नाही. शेवटी तो रशियात कामाला जातो आणि बापाला सांभाळायला एक यंत्रमानव आणून ठेवतो. बापाला यंत्रांचाच तिटकारा. पुढे काय होतं ते तुम्ही ओळखलंच असेल, पण कसं होतं ते बघायला पाहिजे. यंत्रमानवाला मुंडू (तिकडची लुंगी) आणि शर्ट चढतो, गावात त्याच्याबद्दल मतं तयार होतात, म्हातारा त्याच्याशी घरच्यासारखं बोलायला लागतो. त्या पत्र्याच्या आत सूरज तेलक्काड नावाचा बुटका विनोदी नट होता. ग्राफिक्सवर भर नाही, आत माणूस आणि बाहेर सुराज वेंजारमूडसारखा दमदार अभिनेता. बस्स. पोरं बंगळुरूला, पुण्याला, जर्मनीला आणि घरात म्हातारा-म्हातारी ही गोष्ट काय फक्त केरळची आहे? ताराबाई पार्कातल्या बंगल्यांमध्ये डोकावा, करवीर तालुक्यात फिरा. हा सिनेमा आपल्याकडे आधी व्हायला पाहिजे होता. मला याचं वाईट वाटतं, रागही येतो.

आणि मराठीत हे जमणार नाही असं मी मुळीच मानत नाही, कारण एकदा जवळजवळ जमलंय. उमेश कुलकर्णींचा 'वळू' (२००८) परग्रहवासीयांचा सिनेमा म्हणून पुन्हा बघा. गंमत करत नाहीये. गावात एक ताकदवान, न बोलणारा जीव आहे. तो नक्की कुणाचं काय नुकसान करतोय हे धड कुणाला सांगता येत नाही, पण घडेल त्या वाईटाचं बिल त्याच्यावर. सरकार अधिकारी पाठवतं. अधिकाऱ्याचा भाऊ या सगळ्याचा माहितीपट काढतो, आणि कॅमेरा दिसला की प्रत्येक गावकरी डुरक्याबद्दल, म्हणजे त्या वळूबद्दल, बोलता बोलता स्वतःबद्दलच बोलून जातो. सत्तेवरचे आणि विरोधातले त्याच्या आडून आपापलं साधून घेतात. माणूस आणि परग्रहवासी यांच्या पहिल्या भेटीच्या विज्ञानपटाचा हा शंभर टक्के सांगाडा आहे! बैलाच्या जागी हिरवा माणूस ठेवला तर पटकथेतलं पानसुद्धा बदलावं लागणार नाही. केरळच्या 'गगनचारी'त (२०२४) खोट्या माहितीपटाचा असाच घाट घेऊन खरोखरच परग्रहावरची बाई आणली. आपण सोळा वर्षं आधी दारापर्यंत पोचलो होतो आणि तिथूनच परत फिरलो. २०१६ च्या 'फुंतरू'ने प्रयत्न केला, होलोग्रामची पोरगी आणली. धाडसाला सलाम, पण तिथेही प्रेमकथेने नियमाला गिळलं.

"प्रेक्षक तयार नाही" हे दुसरं रडगाणं. जयंत नारळीकरांचा जन्म आपल्या कोल्हापूरचा, १९३८ चा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली, मोठ्या नावाचा दबाव परीक्षकांवर नको म्हणून. पहिला नंबर आला. तेव्हापासून मराठी वाचक दिवाळी अंकांत कृष्णविवरं, कालप्रवास, दुसरी विश्वं वाचतोय, तेही फराळ खात खात. अशा वाचकाच्या नातवंडांना 'समांतर विश्व' समजावून सांगायला लागेल असं कोण म्हणतं?

आणि यंत्राचं म्हणाल तर मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी १९१८ साली, शिष्य विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून, कॅमेराच घडवला होता. इथे, या गावात. विकत घ्यायला पैसे नाहीत म्हणून सिनेमा न काढण्याची पद्धत आपल्याकडे नव्हती. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा केलाय, जाता-येता आपण त्याला वळसा घालतो.

समजा, रंकाळ्यात काहीतरी येऊन पडलं. पहिल्या दिवशी गर्दी. संध्याकाळपर्यंत भेळेच्या गाड्यांची जागा ठरलेली. दुसऱ्या दिवशी चौकात डिजिटल फलक, पाहुण्याचा मोठा फोटो आणि खाली शुभेच्छुकांची रांग. मग तो कुठल्या पेठेचा यावर वाद, कारण शाहू स्टेडियमवर पुढच्या फुटबॉल सामन्याला त्याला कुणाकडून उतरवायचं हा खरा प्रश्न. नियम एकच: त्याला बोललेला प्रत्येक शब्द खरा वाटतो. (हा मी 'गॅलक्सी क्वेस्ट'मधून उचललाय. त्यातल्या परग्रहवासीयांना खोटं ही भानगडच माहीत नाही, टीव्हीवरची मालिका खरा इतिहास समजून त्यांनी अख्खं यान बांधलंय.) आता याला कचेरीत कुणीतरी "उद्या या" म्हणतं. हा उद्या जातो. परवाही जातो. एखाद्या वहिनी प्रेमाने म्हणतात, "जेवल्याशिवाय सोडणार नाही तुम्हाला." हा घाबरून खिडकीतून पळतो. पोरं म्हणतात, "भावासाठी काय पण." हा यादी काढतो. बघा, मध्यंतरापर्यंत आलो आणि अजून एक रुपया ग्राफिक्सवर गेलेला नाही.

कुणाला सुरुवात करायची असेल तर 'कुंजप्पन' घरच्यांबरोबर बघा, 'किन-झा-झा' एकट्याने. आरती कडव यांचा 'कार्गो' विसरू नका, त्यात पुष्पक यानावर बसलेला राक्षस सरकारी शिस्तीत मेलेल्यांना पुढच्या जन्माला पाठवतो. 'प्रायमर'बद्दल मला कमेंटमध्ये काही विचारू नका, त्यावरून दुकानात एकदा मशीनवरचा जॉब बिघडलाय. आणि जपानी 'वन कट ऑफ द डेड' लावलात तर पहिली ३७ मिनिटं, एका दमात घेतलेली आणि अगदी टुकार वाटणारी, काही झालं तरी बंद करायची नाहीत. आमच्या ग्रुपातल्या एका दादाने मध्येच बंद केला आणि गावभर सांगत सुटलाय की भंगार आहे. त्याच्याशी बोलणं चालू आहे, पण फक्त जीएसटीवर.