'आधी फुकट लिहा, नाव आपोआप होईल' म्हणणाऱ्यांसाठी

'पटकथा लेखक व्हायचंय? मग हे वाचाच' असा एक मेसेज फिरतोय, तुमच्याही कुठल्यातरी ग्रुपवर येऊन गेला असेल. त्यात म्हटलंय की नवख्याने पहिली दोन-तीन स्क्रिप्ट्स फुकट लिहून द्यावीत, पैशाचं बोलू नये, कॉन्ट्रॅक्टचं तर नावच काढू नये, प्रोड्यूसर जो फॉर्म पाठवेल त्यावर सही करावी कारण ती 'नुसती फॉर्मॅलिटी' असते, आयडियाला कॉपीराइटच नसतो त्यामुळे चोरीची भीती बाळगू नये, क्रेडिट हेच खरं मानधन, सिनेमा चालला की पैसे येतातच, आणि हो, सलीम-जावेदनी पण अशीच सुरुवात केली होती. मी आधी सोडून दिलं होतं. पण परवा हाच मेसेज सांगलीहून माझ्या भाचीने पाठवला, सोबत एका प्रोड्यूसरचा फॉर्म आणि खाली 'मावशी, उद्यापर्यंत सही करून पाठवायचाय, करू ना गं?' मग डोकं फिरलं.

सलीम-जावेदचं आधी उरकते. अहो, ते दोघं सिप्पी फिल्म्सच्या स्टोरी डिपार्टमेंटमध्ये पगारावर होते! दर महिन्याला पैसे मिळायचे. तिथून पुढे 'सीता और गीता' वगैरे झालं. आणि १९७३ साली 'जंजीर'च्या पोस्टरवर आपलं नाव नाही म्हटल्यावर माणूस लावून मुंबईतल्या पोस्टरांवर नाव रंगवून घेणारी ही जोडी, यांना 'गप्प बसून फुकट लिहा'चे आदर्श म्हणून खपवायचं म्हणजे कमाल आहे. त्यातल्या जावेद अख्तरांनी पुढे राज्यसभेत जाऊन लेखकांच्या रॉयल्टीसाठी काय केलं ते खाली येतंच.

आता तो फॉर्म. खरा राग याचाच आहे. त्यात चौथ्या नंबरला लिहिलंय की लेखक आपल्या लिखाणाचे सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी, जगभरासाठी, कायमस्वरूपी, विनामोबदला निर्मात्याला देतोय आणि पुढे कधीही रॉयल्टी मागणार नाही. मेसेज म्हणतो कॉन्ट्रॅक्ट मागू नका. बाबांनो, हाच कॉन्ट्रॅक्ट आहे, फक्त तुमच्या बाजूची पाटी कोरी आहे!

१९५७ चा कॉपीराइट कायदा यावर एकदम स्पष्ट आहे, आणि तो सरकारी वेबसाइटवर फुकट वाचायला मिळतो. तुम्ही कुणाच्या नोकरीत नाही, घरी बसून स्वतः पटकथा लिहिली, तर तिचे पहिले मालक तुम्हीच, त्यासाठी कुठे रजिस्टर केलेलं असणंही सक्तीचं नाही. आणि हे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर कलम १९ प्रमाणे ते लेखी हवं आणि त्यावर तुमची सही हवी. म्हणजे नुसतं फोनवर 'हो सर, घ्या सर' म्हटल्याने हक्क जात नाहीत, सही केल्याने जातात. उद्यापर्यंतची घाई का आहे ते कळलं? त्याच कलमात पुढे असंही आहे की मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाचच वर्षांसाठी दिले असं धरायचं आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारतापुरते. 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे दोन शब्द कुणी हौस म्हणून टाईप केलेले नाहीत, वकिलाला पैसे देऊन घातलेत. वकिलाला पैसे देतात बरं का, लेखकाला नाही.

रॉयल्टी मागणार नाही हे तर आणखी भारी. २०१२ साली कायद्यात जी दुरुस्ती झाली, जिच्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले, तिच्यानुसार सिनेमात वापरलेल्या लिखाणाच्या लेखकाला थिएटरमधल्या खेळांपलीकडच्या वापराची रॉयल्टी सोडून देताच येत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला (लेखकांच्या वतीने रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था) देता येते, बाकी कुणाच्या नावावर लिहून दिलं तरी तो करार त्यापुरता रद्द. म्हणजे फॉर्ममधलं ते वाक्य कायद्याने टिकत नाही. पण म्हणून 'मग करू की सही' असं नको, कारण टिकत नाही हे कोर्टात जाऊन सिद्ध तुम्हालाच करावं लागणार, सांगलीहून मुंबईला तारखांना येऊन. मुळात ही रॉयल्टी प्रत्यक्ष हातात पडणं हीसुद्धा वेगळीच मारामारी आहे.

बरं, काही नीट काम करणारी प्रॉडक्शन हाऊसेससुद्धा स्क्रिप्ट वाचण्याआधी एक रिलीज फॉर्म भरून घेतात हे खरंय, पण त्यात साधारण एवढंच असतं की आमच्याकडे आधीच अशा विषयावर काही चालू असू शकतं, उद्या भांडू नका. हक्क देऊन टाका असं त्यात असेल तर तो रिलीज फॉर्म नाही. नीट वाचा.

आणखी एक गोष्ट मेसेज लिहिणाऱ्याने सोयीस्करपणे गाळलीये. फुकट लिहा म्हणजे कुणाचं लिहा? स्वतःची गोष्ट स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या वेळात लिहून ठेवणं याला कुणाचीच ना नाही, आम्ही सगळ्यांनी एकांकिका अशाच लिहिल्या, पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका स्पर्धेला काय पैसे मिळतात का कुणाला? प्रोड्यूसरने नाही म्हटलं तर ती स्क्रिप्ट घेऊन तुम्ही दुसऱ्या दारात जाता. पण हे लोक सांगतात की 'माझ्याकडे एक कन्सेप्ट आहे, तू फक्त डेव्हलप कर'. मग वन लायनर, मग सिनॉप्सिस, मग बायबल (सिरीजची पात्रं, जग, पुढची गोष्ट सगळं मांडलेला दस्तऐवज), मग पायलटचा म्हणजे पहिल्या एपिसोडचा ड्राफ्ट, मग 'ओटीटी प्लॅटफॉर्मकडून नोट्स आल्यात' म्हणून परत ड्राफ्ट, चार-सहा महिने जातात, आणि एक दिवस 'यार, तिकडे नाही वर्कआउट झालं'. आता हे घेऊन कुठे जाणार? कन्सेप्ट त्याची, पात्रांची नावं त्याने सुचवलेली, पानं तुमची. तुम्ही दुसरीकडे दाखवलंत की तोच म्हणणार माझी गोष्ट चोरली. म्हणजे पैसे नाहीत ते नाहीतच, वर हातात विकण्यासारखं पण काही उरत नाही.

मालिकांमध्ये याचा भाऊ म्हणजे 'टेस्ट एपिसोड'. एखादा सीन, दोन-तीन पानं, ठीक आहे, संवाद जमतात का ते बघायला हवंच. पण पूर्ण एपिसोड, तोही चालू ट्रॅकमधला, म्हणजे मालिकेत सध्या सुरू असलेल्या कथाभागातला, आणि वेगवेगळ्या मुलांना वेगवेगळा? दहा आचाऱ्यांकडून 'चव बघू' म्हणून एकेक पंगत फुकट करून घेतली की लग्न उरकतंच की.

आयडियाला कॉपीराइट नसतो, हे मात्र नाईलाजाने मान्य करावं लागेल. सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच आर. जी. आनंद यांच्या केसमध्ये सांगितलंय की कल्पना, विषय, थीम यांच्यावर कॉपीराइट नसतो, ती ज्या पद्धतीने मांडली त्याच्यावर असतो. आनंद यांचं म्हणणं होतं की त्यांच्या नाटकावरून 'न्यू दिल्ली' हा सिनेमा काढला, आणि ते हरले. पण यावरून 'भीती बाळगू नका' हा निष्कर्ष कसा काय निघतो? उलट याच कारणाने दोन ओळींची आयडिया कुणालाही व्हॉट्सअ‍ॅप करत सुटायचं नाही, तपशिलात लिहायची, मग दाखवायची. शिवाय विश्वासाने सांगितलेली कन्सेप्ट परस्पर वापरली तर कोर्ट अडवू शकतं. झी टेलिफिल्म्स विरुद्ध संडायल या २००३ च्या निकालात मुंबई हायकोर्टाने नेमकी अशीच मनाई कायम ठेवली होती, आणि त्यात ती कन्सेप्ट लेखकांच्या संघटनेकडे आधी रजिस्टर केलेली होती ही बाब उपयोगी पडली. ती संघटना म्हणजे आताची स्क्रीनरायटर्स असोसिएशन, अंधेरीला ऑफिस आहे, नवख्यांनाही सभासद होता येतं, स्क्रिप्ट ऑनलाइन रजिस्टर होते. त्याने मालकी मिळत नाही, ती आधीच तुमची असते, फक्त अमुक तारखेला हे माझ्याकडे होतं याचा पुरावा तयार होतो. आणि कुणाला काय पाठवलं ते मेलवर ठेवा, फोनवर नॅरेशन झालं, म्हणजे गोष्ट ऐकवली, तर नंतर 'आज आपलं या गोष्टीवर बोलणं झालं' असा मेल टाका. एवढं पुरे.

क्रेडिटबद्दल फार बोलण्यासारखं नाही. सिनेमा बनला तर क्रेडिट, आणि लिहून झालेल्यातलं बरंचसं कधी फ्लोअरवर, म्हणजे शूटिंगला, जातच नाही. शिवाय लेखक म्हणून नाव सांगण्याचा हक्क कलम ५७ प्रमाणे तुमचाच असतो, हक्क विकल्यावरसुद्धा. जे तुमचंच आहे ते तुम्हाला मानधन म्हणून देतायत.

'सिनेमा चालला की पैसे.' चालला म्हणजे काय, आणि हिशोब कोण ठेवणार? प्रोड्यूसरच. हेच वाक्य कॅमेरामनला किंवा लाइटवाल्यांना ऐकवून बघा म्हणावं. लेखकाचे पैसे टप्प्याटप्प्याने द्यायची पद्धत आहे, सही करताना काही, पहिला ड्राफ्ट दिल्यावर काही, फायनलला काही, शूट सुरू होताना उरलेले. नवख्याला रक्कम कमी मिळेल, फार कमी मिळेल, ते मी समजू शकते. पण पहिल्या टप्प्याला शून्य असेल तर पहिलं पान पण शून्य. भाचीला सांगितलंय, तो चौथा नंबर काढून, त्या जागी आकडा आणि मुदत घालून फॉर्म परत पाठव, आणि उद्याच पाठव, त्यांनाच घाई आहे ना.